तिसरा बादशा

उपांत्य सामना जिंकल्यावर रक्षा उईके सभागृहामागच्या नळावर तोंड धुवायला गेली, तेव्हा एक माणूस तिच्या मागोमाग आला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात जेवणाची ताटली. ताटलीत दोन गुलाबजाम होते आणि बोलता बोलता तो ते चमच्याने कापून खात होता. कुणा खेळाडूचे वडील असतील, असं रक्षाला वाटलं.

"चांगली खेळून राह्यली बेटा तू," तो म्हणाला. "आंजीची ना? मंगरू उईकेची पोरगी."

ती हो म्हणाली. वडिलांना ओळखणारं कुणी भेटलं म्हणून तिला जरा बरंही वाटलं. मग तो म्हणाला, वनरक्षकाच्या भरतीत तिचं नाव लागलंय हे त्याला ठाऊक आहे, आणि आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी आहे हेही ठाऊक आहे. हे सांगताना त्याचा आवाज अगदी मऊ होता. रक्षाने नळ बंद केला नव्हता. पाणी तिच्या चपलांवर पडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

"फायनल हरजो," तो म्हणाला. "लगेच नाई. तासभर खेळजो, मग हरजो. कोणाले काही समजत नाई. पोरगी घाबरली अन् हरली, एवढंच म्हणतीन."

त्याने शेवटचा गुलाबजाम संपवला, ताटली ओट्यावर ठेवली आणि तिच्याच नळाखाली बोटं धुतली.

"पत्त्याच्या अड्ड्यावर सापडलेल्या पोरीले सरकारी नोकरी कोण देते?" असं म्हणून रुमालाला हात पुसत तो सभागृहात निघून गेला.

खरं तर तो अड्डा नव्हता. पवनारच्या अलीकडे रस्त्याला लागून एक लग्नाचं सभागृह होतं. तिथे बबनरावांनी रविवारच्या दिवसाउजेडी ही स्पर्धा ठेवली होती. बबनराव वर्ध्याला संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते बुद्धिबळ आणि ब्रिजचं एक मंडळ चालवत, आणि दोन वर्षांपासून त्यात पोकरही आलं होतं, पैशांशिवायचं. प्रवेश फुकट, प्लास्टिकच्या चकत्या, सोळा खेळाडू, एकास एक लढत, हरला तो बाहेर. जिंकणाऱ्याला एक ढाल आणि पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा. टेबलावर स्टँडला लावलेला फोन सगळं टिपत होता आणि ते अर्ध्या तासाने इंटरनेटवर दिसत होतं. लोक हल्ली कशावरही सट्टा लावतात, हे बबनरावांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

रक्षा त्यांच्याकडेच शिकली होती. भरतीचा अभ्यास करायला ती वर्ध्याच्या वाचनालयात बसायची आणि मधल्या वेळात फोनवर फुकटचं पोकर खेळायची. दोघांच्या खेळातलं गणित तिला आवडायचं. प्रत्येकाला दोन पत्ते, टेबलावर दोघांसाठी सामायिक पाच, ज्याचा मेळ भारी त्याच्या चकत्या. टेबलावर आठ जण असले तर माणूस चांगल्या पत्त्यांची वाट पाहत बसू शकतो. दोघंच असले तर नाही. दर डावाला काही चकत्या पत्ते बघायच्या आधीच टाकाव्या लागतात, आणि तो भार दर दहा मिनिटांनी वाढतो. वाट पाहणारा बसल्या जागी संपतो. म्हणून साधारण पत्त्यांवरही चकत्या लावून पुढे व्हायचं, समोरच्याला दर वेळी विचारायचं, आहे का तुझ्याकडे काही? आणि तो कसं उत्तर देतो ते लक्षात ठेवायचं.

फोनवर हे तिला छान जमे. समोर माणूस बसला की तिचे हात थरथरत. पत्ते चांगले असोत की वाईट, पहिली चकती उचलली की बोटं हलायला लागत. तिने हात मांडीखाली दाबून पाहिले, बाह्या लांब घालून पाहिल्या. बबनराव तिला म्हणाले होते, लपवू नको. कधी लपवतेस आणि कधी नाही, ते समोरच्याला दिसेल. सारखी थरथर असू दे, जे सारखं असतं त्यातून कुणाला काही कळत नाही. आणि सकाळपासून तसंच झालं होतं. पहिल्या फेरीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलाने तिची बोटं पाहिली, तिच्याकडे दांडगे पत्ते आहेत असं समजला, आणि तीन वेळा चांगले पत्ते टाकून डाव सोडून बसला.

आता ती अजून नळाजवळच उभी होती.

तिने निघून जायचा विचार केला. समोर रस्ता होता, वर्ध्याची बस पंधरा-वीस मिनिटांनी एक असते. पण तो खेळून हर म्हणाला होता. न खेळता गेली तर तो काय समजेल? बबनरावांना सांगावं, तर त्यांनी आयुष्यात कुणाशी मोठ्या आवाजात भांडण केलेलं नव्हतं, आणि आत तो माणूस पुढच्या रांगेत बसून दारातून तिच्याकडेच बघत होता. ती जेवली नाही. तिने घरी फोन लावला. फोन आईने, सखूने, उचलला.

सखूने आधी जेवली का ते विचारलं. मग म्हणाली, सकाळी गाडीवर एक माणूस येऊन गेला. साधे कपडे होते, पण नोकरीच्या चौकशीचाच असेल. घरात किती माणसं, पोरगी कुठे झोपते, बस कुठली धरते, सगळं विचारत होता.

"मी त्याले च्या पाजली," सखू म्हणाली. "चांगलं लिहून देजा म्हटलं पोरीबद्दल."

रक्षाने बरं केलंस म्हटलं आणि फोन ठेवला. आईला काही सांगायचं म्हणजे तो चौकशीवाला नव्हता, याच लोकांचा माणूस घरात शिरला होता, हे स्वतःला सांगणं होतं. भिंतीला टेकून ती उभी राहिली. मग ठरवलं, हरायचं. एक खेळच तर आहे.

अंतिम सामना अडीचला सुरू झाला. समोर हिंगणघाटचा धीरज होता. तिशीचा माणूस, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. सकाळपासूनचे तिन्ही सामने त्याने धडाक्यात मारले होते. टेबलाशी बसला की मांडी ठोकून बसायचा, चकत्यांची चळत एका हाताने फिरवायचा, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. असा माणूस समोर असेल तर हरणं सोपं जाईल, असं रक्षाला वाटलं. पत्ते वाटायला स्वतः बबनराव बसले.

पहिल्या डावात तिला एक्का आला. तिने तो टाकून दिला. दुसऱ्या डावात पुढे व्हायची पाळी धीरजची होती. त्याने पत्ते जेमतेम पाहिले आणि टाकून दिले. तिसऱ्यात तिने टाकले, चौथ्यात त्याने. थोड्याशा चकत्या इकडून तिकडे जात आणि तिकडून इकडे परत येत. पंधरा मिनिटं झाली तरी दोघांच्या चळती जवळपास सारख्याच होत्या. मागे कुणीतरी हसलं. रक्षाला आधी वाटलं की त्याला पत्तेच लागत नाहीत. मग वाटलं, हा आपल्याला जाळ्यात ओढतोय. खेळाचं डोकं तिला बंद करता येत नव्हतं. हरायचं ठरवूनही ती मोजत होती की तो किती डावांत पुढे होतो. दहातल्या एकाही डावात नाही. सकाळी हाच माणूस दहातले नऊ डाव खेळत होता.

तासाचा अर्धा भाग गेला. पांढऱ्या शर्टवाल्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आता चकत्या घालवायलाच हव्या होत्या. तिच्या हातात सत्ती आणि दुर्री आली, पोकरमध्ये सगळ्यात वाईट मानले जाणारे पत्ते. तिने मुद्दाम बोली वाढवली. धीरजने बराच वेळ घेऊन बरोबरी केली. बबनरावांनी टेबलावर तीन पत्ते उलगडले, बादशा, बादशा आणि चौका. तिच्याकडे काहीही नव्हतं. तिने आपल्या अर्ध्या चकत्या पुढे ढकलल्या. धीरज बरोबरी करेल, अर्ध्या चकत्या जातील, आणि उरलेल्या पुढच्या दोन डावांत घालवता येतील.

धीरजने पत्ते टाकले.

टाकताना त्याच्या हातातून एक पत्ता निसटला आणि टेबलावर उघडा पडला. इस्पिकचा बादशा.

टेबलावरचे दोन आणि हातातला एक, तीन बादशांचा मेळ असताना त्याने पत्ते टाकले होते. असं कुणी करत नाही. पहिल्याच दिवशी खेळायला शिकलेलं पोरही करणार नाही. धीरजने झटकन पत्ता पालथा केला, पण बबनरावांनी तो पाहिला होता. ते पत्ते गोळा करायचे थांबले.

रक्षाने धीरजच्या हाताकडे पाहिलं. सकाळपासून तो हात एकदाही हलला नव्हता. आता पालथ्या पत्त्यावर ठेवलेली त्याची बोटं थरथरत होती, अगदी तिच्यासारखी. ओठ पांढरे पडले होते. गेला दीड तास ती जे पोटात घेऊन बसली होती तेच तिला समोर बसलेलं दिसलं. यालाही कुणीतरी हरायला सांगितलं होतं.

तिने मागे पाहिलं नाही, तरी तिला जाणवलं की या सभागृहात असा एकच माणूस नाही. एकाने तिच्या हरण्यावर लावलंय, दुसऱ्या कुणीतरी धीरजच्या. ती हरली तर संध्याकाळी धीरजच्या दुकानासमोर कुणीतरी उभं असेल. तो हरला तर तिच्या घरासमोर. टेबलावर दोघंच होते. आपल्यावरचं संकट सरकवायला तिसरी खुर्ची नव्हती.

बबनराव पुढच्या डावासाठी पत्ते पिसू लागले. रक्षा पुढे वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "धीरजभाऊ, तुमाले पण सांगतलं का कोणी?"

त्याने मान वर केली नाही. पत्ते वाटून झाले. त्याने आपले पाहिले, टाकले, आणि चकत्या सरळ करायचं निमित्त करून म्हणाला, "माही पोरगी चार वर्षांची हाये."

पुढचे तीन डाव कसे गेले ते रक्षाला नंतर कधीच आठवलं नाही. आठवतं ते एवढंच की ती वडिलांचा विचार करत होती. मंगरूने पंचवीस वर्षं जंगलात रोजंदारी केली होती. साहेब समोर आला की त्याची मान आपोआप खाली जायची. पोरगी खाकी घालणार म्हणून तो गेल्या महिन्यात पहिल्यांदा दाढी करून तालुक्याला गेला होता. खरं बोललं तर ती नोकरी जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की ज्या माणसाने आज तिला एक सामना हरायला लावलं, तो उद्या तिला जंगलातली एखादी गाडी सोडून द्यायला लावेल. त्याला तिचं घर माहीत होतं आणि ती घाबरते हे माहीत होतं. दोन्ही आयुष्यभर पुरणारं होतं.

तिने हातातले पत्ते टेबलावर उघडे ठेवले.

"सर, हा सामना थांबवा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की बबनरावांनी कान पुढे केला. तिला पुन्हा सांगावं लागलं. "मले हरायले सांगतलं हाये. इथल्याच एकाने. धमकी देऊन."

बबनरावांनी पत्त्यांची गड्डी खाली ठेवली. मग ते धीरजकडे वळले आणि त्यालाही विचारलं, तुला कुणी काही बोललं का?

रक्षाने धीरजकडे पाहिलं. तो हो म्हणेल, याबद्दल तिला शंका नव्हती. आत्ताच तर त्याने सांगितलं होतं.

"मले कोणी काही नाई म्हटलं," धीरज म्हणाला.

तिला वाटलं, खुर्चीखालची जमीनच गेली. एवढ्या माणसांत ती एकटी उघडी पडली होती. मागून कुणीतरी म्हणालं की पोरगी हरायला लागली म्हणून नाटक करते आहे. धीरज चकत्यांकडे बघत बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते फक्त तिला दिसत होतं.

बबनरावांनी पत्त्यांतून इस्पिकचा बादशा शोधून काढला आणि टेबलावर सरळ ठेवला.

"मी चाळीस वर्षं पोरांना शक्यता शिकवली," ते म्हणाले. "हा पत्ता कुणी स्वतःच्या मर्जीने टाकत नाही, धीरज. तू बोलू नको. पण हा सामना इथे संपला."

त्यांनी स्टँडवरचा फोन काढून खिशात घातला. ढाल कुणालाच दिली नाही. माणसं कुरकुरत उठली, खुर्च्या सरकल्या. रक्षा शोधत होती तो पांढरा शर्ट पुढच्या रांगेत नव्हता. कधी गेला ते कुणी पाहिलं नव्हतं. ते तिला त्याच्या समोर असण्यापेक्षा भयंकर वाटलं.

तिथून बबनराव तिला त्यांच्या गाडीवर बसवून पोलीस ठाण्यात घेऊन गेले. ज्या दाराची तिला दुपारपासून भीती होती, त्याच दारातून ती आपल्या पायांनी आत गेली. फौजदार बाईंनी पहिला प्रश्न केला, म्हणजे तू पत्ते खेळत होतीस? रक्षाला वाटलं, झालं, संपलं. पण बबनरावांनी मंडळाची कागदपत्रं दाखवली, पैशांचा व्यवहार नव्हता हे सांगितलं, फोनमधलं चित्रण दिलं. तक्रार तिने स्वतः लिहिली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की बाईंनी तिला चहा मागवला आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहायला लावली. नाव तिला माहीत नव्हतं. पांढरा शर्ट, पन्नाशीचा, गुलाबजाम खात होता, एवढंच ती लिहू शकली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. गल्लीत गाडीचा आवाज आला की ती आतल्या खोलीत जायची. मंगरू अंगणात खाट टाकून बसू लागला, मांडीवर काठी. त्याने पोरीला एका शब्दाने विचारलं नाही की पत्ते काऊन खेळत होती. सखू मात्र ज्याला चहा पाजला त्या माणसाला रोज शिव्या घालायची, मराठीत आणि मग जास्त राग आला की गोंडीत.

नवव्या दिवशी धीरजचा फोन आला. त्याने बायको-मुलीला सासुरवाडीला पोचवलं होतं, दुकान बंद ठेवलं होतं, आणि त्या सकाळी ठाण्यात जाऊन जबाब दिला होता. त्याला धमकावणारा वेगळा होता, चौकड्याच्या शर्टातला, आणि तो हिंगणघाटातलाच असल्याने धीरजला त्याचं नाव ठाऊक होतं. हे सगळं तो भराभर सांगून गेला.

"त्या दिवशी मी तुमाले एकटं पाडलं मॅडम," तो म्हणाला.

रक्षाला राग होता. पण तिची स्वतःची मुलगी चार वर्षांची असती तर तिने काय केलं असतं, हे तिला सांगता येत नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही आलात ना नंतर. एवढंच.

पडताळणीचा कागद चार महिन्यांनी पुढे गेला. एका गुन्ह्यात तिचं नाव होतं, पण फिर्यादी म्हणून, आणि त्याने नोकरी अडत नाही, असं फौजदार बाईंनी तिला फोन करून सांगितलं. पांढऱ्या शर्टवाला मात्र अजून सापडला नव्हता. रुजू व्हायला आठ दिवस असताना ती सखूबरोबर वर्ध्याला गणवेशाचे बूट घ्यायला गेली. दुकानात बाकावर तोच पांढऱ्या शर्टातला माणूस बसला होता. शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी, तिच्या पायात तो सँडल घालून बघत होता. रक्षाला पाहून त्याने सरकून जागा करून दिली, कुणाही अनोळखी बाईला करून द्यावी तशी. ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. ती त्या जागेवर बसली. दुकानदाराने बुटाचं माप विचारलं तर तिला ते सांगता येईना. सखूने सांगितलं.

तो पैसे देऊन मुलीचा हात धरून बाहेर पडला. रक्षा काचेआडून बघत राहिली. त्याने मुलीला स्कूटरवर पुढे उभं केलं. रक्षाने नंबर वाचला, पुन्हा वाचला, आणि फोन काढला. बोटं इतकी हलत होती की फौजदार बाईंचं नाव तिसऱ्या खेपेला दाबलं गेलं.

बाईंनी विचारलं, तो अजून तुला दिसतोय का? स्कूटर चौकातल्या गर्दीत अडकून उभी होती, आणि त्या माणसाने मान वळवून दुकानाकडे पाहिलं होतं.

"हो," रक्षा म्हणाली. "नंबर लिहून घ्या, मॅडम." आणि ती एकेक आकडा सांगू लागली.